आंबील ओढा: कात्रजच्या डोंगरापासून मुठेपर्यंत

कात्रजच्या जुन्या घाटाच्या माथ्यावर भर पावसात उभे राहा आणि पायाशी पडलेल्या दोन थेंबांचा माग मनातल्या मनात काढा. एक थेंब डोंगरधारेच्या दक्षिणेला पडला. तो खेड शिवापूरच्या बाजूला उतरेल, शिवगंगेला मिळेल, तिथून गुंजवणी आणि पुढे नीरा. दुसरा थेंब वीतभर अलीकडे, उत्तरेला पडला. तो भिलारेवाडीकडे घरंगळेल, कात्रजच्या तलावात थांबेल, आंबील ओढ्यातून पुणे शहर ओलांडून मुठेत जाईल, संगमावर मुळेला भेटेल आणि मग भीमेला. उजनी धरण पार केल्यावर इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरला, हे दोन थेंब पुन्हा एकत्र येतात आणि पुढे पंढरपूरच्या वाळवंटाला लागतात. वीतभर अंतरावर पडलेल्या थेंबांना परत भेटायला एवढा मोठा वळसा पडतो.

यातला उत्तरेकडचा पहिला टप्पा म्हणजे आंबील ओढा. लांबी जेमतेम दहा-बारा किलोमीटर. पुण्यातल्या लाखो लोकांनी तो रोज ओलांडलेला असतो, पण सातारा रस्त्यावरून किंवा सिंहगड रस्त्याकडे जाताना आपण ओढ्यावरून गेलो हे फार थोड्यांच्या लक्षात येते. मी धनकवडीच्या बाजूला लहानाचा मोठा झालो आणि मलाही बरीच वर्षे तो 'मागचा नाला' एवढाच माहीत होता. त्याचा भूगोल समजून घ्यायला लागल्यावर मात्र पुणे शहराच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. शहर इथे का वसले, पेशव्यांनी पाणी कसे आणले, सारसबाग अशी खोलगट जागी का आहे आणि २०१९ सालच्या सप्टेंबरमध्ये एका रात्रीत ओढा काठ सोडून वस्त्यांमध्ये कसा शिरला.

ओढा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक रेघ येते. नकाशावरही ती निळी रेघच असते. पण ओढा समजून घ्यायचा तर रेघ विसरून पिंपळाचे पान आठवावे लागते. मधली शिर म्हणजे आपल्याला दिसणारा प्रवाह. तिला मिळणाऱ्या बारक्या शिरा म्हणजे ओघळ आणि ओहोळ. आणि पानाचा सगळा हिरवा भाग म्हणजे पाणलोट, म्हणजे जिथे पडलेला प्रत्येक थेंब उताराने शेवटी याच ओढ्यात येणार ती सगळी जमीन. पानाची कड म्हणजे डोंगराची धार. कडेच्या पलीकडचा थेंब दुसऱ्या पानाचा.

आंबील ओढ्याच्या पानाची दक्षिणेकडची कड म्हणजे कात्रजची डोंगररांग. सह्याद्रीपासून फुटून पूर्वेकडे गेलेल्या भुलेश्वर रांगेचा हा भाग. पश्चिमेची कड म्हणजे तळजाईचे पठार आणि त्याच्या टोकाची पर्वतीची टेकडी. तळजाईच्या पूर्व उतारावर पडलेला पाऊस सहकारनगरातून ओढ्यात येतो, पश्चिम उतारावरचा सिंहगड रस्त्याकडे जाऊन थेट मुठेला मिळतो. पूर्वेची कड त्या मानाने सपाट असल्यामुळे चटकन नजरेत भरत नाही. तिच्यापलीकडे कोंढव्याच्या बाजूचे पाणी भैरोबा नाल्याची वाट धरते. या तीन कडांच्या मधल्या खोलगट भागात कात्रज, धनकवडी, बालाजीनगर, पद्मावती, अरण्येश्वर हे सगळे येते. म्हणजे एवढ्या भागातल्या प्रत्येक गच्चीचे, प्रत्येक रस्त्याचे आणि प्रत्येक मैदानाचे पाणी शेवटी एकाच ठिकाणी जाणार असते. धनकवडीतला माणूस पर्वतीजवळच्या माणसाचा शेजारी असतो, दोघांच्या घरांत तीन किलोमीटर अंतर असले तरी.

आता जमिनीच्या खाली बघू. कात्रज घाटात रस्त्यासाठी कापलेली दरड नीट पाहिली तर एकावर एक थर दिसतात. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थिजला. त्याचे हे थर. काही थर घट्ट काळ्या पाषाणाचे, काही बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेले, तर काही कुजून मुरूम झालेले. घट्ट पाषाणातून पाणी आरपार जात नाही, फक्त भेगांमधून झिरपते. मुरमाच्या आणि भोकाळ दगडाच्या थरात मात्र पाणी मुरून साठते. वरून मुरत आलेले पाणी खालच्या घट्ट थरावर येऊन अडते, मग आडवे सरकू लागते आणि डोंगराच्या कुशीत जिथे तो थर उघडा पडला असेल तिथून बाहेर पाझरते. झरा म्हणतात तो हाच. पाऊस थांबून दोन महिने झाले तरी ओढ्याला पाणी का असते, याचे उत्तर या थरांमध्ये आहे. पावसाळ्यात ओढा आभाळाचे पाणी वाहतो, दिवाळीनंतर डोंगराचे. ज्या घळीत नोव्हेंबरात उंबराचे हिरवेगार झाड दिसेल तिथे खाली ओल आहे असे जुने लोक सांगायचे आणि ते बहुतेक वेळा खरे निघते.

डोंगरमाथा शहराच्या जमिनीपेक्षा अदमासे तीनशे मीटर उंच आहे. ही उंची ओढा दहा-बारा किलोमीटरमध्ये उतरतो, पण सारखी उतरत नाही. त्यातली बहुतेक उतरण पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्येच संपते. वरच्या घळींमध्ये पाणी धोंडे गडगडवत नेते, खाली आल्यावर उतार मंदावला की धोंडे टाकून देते, आणखी खाली गोटे, मग वाळू आणि सगळ्यात शेवटी गाळ. वळणावर बाहेरच्या अंगाला काठ खरवडते आणि आतल्या अंगाला गाळ टाकते. ओढ्याच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला बांधलेली भिंत दर पावसाळ्यात आधी का खचते, हे एवढ्यावरून कळते.

उतार मोडतो नेमके तिथेच कात्रजचे दोन तलाव आहेत, एक वरचा भिलारेवाडीजवळ आणि एक खालचा, जिथे आज प्राणिसंग्रहालय आहे. ही जागा निवडणाऱ्याला जमीन वाचता येत होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, म्हणजे १७४० ते १७६१ या वर्षांत, इथे ओढ्याला बांध घालून पाणी अडवले गेले आणि तिथून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ नेला गेला. नळ म्हणजे आज आपल्या मनात येते ती लोखंडी नळी नव्हे. दगड-चुन्यात बांधलेला, माणूस उभ्याने चालत जाऊ शकेल असा बोगदाच तो. ठरावीक अंतरावर हवा खेळती राहावी आणि आत उतरून साफसफाई करता यावी म्हणून वर काढलेले बांधीव उच्छ्वास. या पाण्याने पेठांमधले हौद भरायचे. आजही शहरात जुने हौद आणि काही उच्छ्वास शिल्लक आहेत.

यातली करामत उताराची आहे. पंप नाही, वीज नाही. कात्रजचा तलाव शहरापेक्षा उंचावर, म्हणून पाणी आपल्या वजनाने येणार. पण उतार फार दिला तर पाणी बांधकाम खरवडणार आणि फार कमी दिला तर गाळ बसून नळ तुंबणार. मधला नेमका उतार कित्येक किलोमीटर सांभाळायचा, तोही जमिनीखाली. ओढा ज्या दरीतून खाली येतो त्याच दरीचा आधार घेत नळही खाली आला. मला हे पुण्यातल्या कुठल्याही वाड्यापेक्षा मोठे बांधकाम वाटते.

त्याच काळात ओढ्याचे दुसरे मोठे काम झाले, ते पर्वतीच्या पायथ्याशी. त्यासाठी ओढ्याची जुनी वाट माहीत हवी. कसबे पुणे वसले तेव्हा त्याच्या उत्तरेला मुठा, पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबील ओढा असे तीन बाजूंनी पाणी होते. पिण्याला पाणी, जनावरांना पाणी आणि संरक्षणाला खंदक, सगळे आयते. ओढा तेव्हा पर्वतीच्या पूर्वेकडून सरळ उत्तरेला यायचा आणि आज जिथे बाजीराव रस्ता आणि आजूबाजूच्या पेठा आहेत त्या पट्ट्यातून मुठेला मिळायचा. शहर पश्चिमेकडे वाढू लागले तेव्हा हा पावसाळ्यात फुगणारा ओढा मध्ये येऊ लागला. मग पर्वतीपाशी बांध घालून त्याला पश्चिमेकडे वळवले. वळवलेला ओढा पर्वतीच्या उत्तर पायथ्याने, आजच्या दांडेकर पुलाखालून, दत्तवाडीच्या कडेने मुठेत जातो. बांधामागे जे पाणी साठले तो पर्वतीचा तलाव. त्यातल्या बेटावर गणपती आला, म्हणून तो तळ्यातला गणपती. पुढे विसाव्या शतकात तळे बुजवून बाग केली आणि सारसबाग नाव घराघरांत गेले. शेजारच्या पेशवे पार्कमधले प्राणी २००५ पर्यंत कात्रजला हलवले गेले. एका ओढ्याच्या खालच्या तळ्यापासून वरच्या तळ्यापर्यंतचा प्रवास झाला त्यांचा. ज्यांनी हे सगळे घडवून आणले त्या नानासाहेबांचा शेवटही पानिपतानंतर, जून १७६१ मध्ये, याच पर्वतीवर झाला.

मित्रमंडळ चौकात उभे राहिले की ही वळवलेली वाट अजून समजते. दक्षिणेकडून सरळ आलेला ओढा इथे डावीकडे जवळजवळ काटकोनात वळतो. असे काटकोनी वळण कुठलाही ओढा आपणहून सहसा घेत नाही. कमी पाण्यात काही बिघडत नाही. जोराचे पाणी मात्र वळणावर सरळ जायला बघते आणि बाहेरच्या बाजूला चढते.

इथपर्यंतचा भूगोल दगडाचा आणि माणसाचा होता. आता पावसाचा.

मुठेला पूर येणार हे पुणेकरांना आधी कळते. खडकवासला धरणातून किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी) सोडणार याची घोषणा होते, भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीकाठच्या वस्त्यांना निरोप जातात. ओढ्याला धरण नाही, दरवाजे नाहीत, म्हणून घोषणाही नाही. आणि मुख्य म्हणजे वेळ नाही. मोठ्या नदीचे पान मोठे असते. लांबच्या कोपऱ्यातले पाणी पोहोचायला दिवस जातो, एका भागात पाऊस असेल तर दुसऱ्यात उघडीप असते, त्यामुळे पूर हळूहळू चढतो. ओढ्याचे पान इतके लहान की एकच ढग ते सगळे झाकू शकतो. सगळ्या शिरांमधले पाणी जवळपास एकाच वेळी मधल्या शिरेत येते. गावाकडे 'ओढा आला' असे म्हणतात, नदीबद्दल 'पूर आला' म्हणतात. ओढा खरोखर येतो, अंगावर आल्यासारखा.

थोडा हिशेब करू. एक चौरस किलोमीटर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० कोटी लिटर पाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. तेवढे पाणी तासाभरात पडले आणि सगळे वाहून आले तर प्रवाह होतो सुमारे १००० क्युसेकचा. एका चौरस किलोमीटरमधून! धरणाच्या आकड्यांची सवय असलेल्या पुणेकराला हजार क्युसेक म्हणजे काहीच वाटत नाही. पण मुठेचे पात्र केवढे आणि ओढ्याचे केवढे, हे दांडेकर पुलावरून खाली वाकून बघितले की आकड्याचे वजन कळते. आणि ओढ्याचा पाणलोट एका चौरस किलोमीटरहून कितीतरी मोठा आहे.

'सगळे वाहून आले तर' या शब्दांत खरी मेख आहे. डोंगरावर गवत-झाडोरा असेल, जमीन मोकळी असेल, तर पावसातले बरेच पाणी आधी मुरते. उरलेले गवतातून, दगडगोट्यांतून अडखळत येते. त्याच जागी काँक्रीटचा रस्ता, फरशी आणि गच्ची आली की मुरणे जवळपास संपते आणि अडखळणेही संपते. गच्चीवरचे पाणी पाइपातून, रस्त्यावरचे पावसाळी गटारातून, काही मिनिटांत ओढ्यात. म्हणजे पाऊस तेवढाच असला तरी ओढ्यात येणारे पाणी वाढते आणि ते पूर्वीपेक्षा लवकर येते. यातले लवकर येणे जास्त घातक आहे, कारण त्यामुळे सगळ्या ठिकाणचे पाणी एकमेकांवर चढते.

पाऊसही कुठला, याला महत्त्व आहे. जुलैतला पुण्याचा पाऊस बहुधा रिपरिप असतो. दिवसभर पडतो, पण तासाला थोडाच. तो ओढ्याला झेपतो. घात करतो तो परतीचा पाऊस. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारी ऊन तापते, संध्याकाळी काळे ढग चढतात आणि तास-दोन तासांत महिन्याचा पाऊस कोसळतो. तोपर्यंत जमीन चार महिने भिजून तृप्त झालेली असते, तलाव काठोकाठ भरलेले असतात. मुरायला जागा नाही आणि थांबायलाही जागा नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हेच झाले. कात्रज आणि दक्षिण पुण्यावर प्रचंड पाऊस झाला, कात्रजचा तलाव ओसंडून वाहू लागला आणि ओढा काठ सोडून वस्त्यांमध्ये शिरला. अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. सोसायट्यांच्या वाहनतळांमधून गाड्या वाहत गेल्या. गोठ्यांत बांधलेली जनावरे बुडाली. शहर आणि जिल्हा मिळून त्या पावसात वीसहून जास्त जीव गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या भागातून चालत गेलो होतो. पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा आणि त्याखाली भिंतीवर आखल्यासारखी चिखलाची सरळ रेघ. डोक्याच्याही वर. ती रेघ अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

भिंती का कोसळतात, हे समजून घेण्यासारखे आहे. ओढ्याची रुंदी दोन्ही बाजूंनी कमी करत आणली तरी येणारे पाणी कमी होत नाही. रुंदी निम्मी झाली की त्याच पाण्याला साधारण दीडपट खोली लागते, शिवाय वेगही वाढतो. आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा धक्का चौपट होतो. म्हणून गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसाला पाडते. त्यातच पुलाच्या नळ्यांमध्ये फांद्या, गाद्या, थर्माकोल, प्लॅस्टिक अडकले की पूलच धरण बनतो. पाणी मागे फुगते, शेजारच्या कुंपणभिंतीला टेकते. कुंपणभिंत ही माणसाला आणि कुत्र्याला अडवायला बांधलेली असते, पाण्याची भिंत पेलायला नाही. ती काही वेळ तग धरते, मागे पाणी साठवते आणि मग एकदम जाते. तेव्हा येतो तो पाण्याचा लोंढा ओढ्याच्या पुरापेक्षाही क्रूर असतो. खाली मुठेला त्याच वेळी पाणी असेल तर आणखी एक अडचण होते. नदीची पातळी वर असल्यामुळे ओढ्याला तोंडाशी शिरायला वाव मिळत नाही आणि फुगवटा मागे सरकत येतो.

पूररेषांबद्दल एक गैरसमज मी सुशिक्षित माणसांकडूनही ऐकतो. आपल्याकडे निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. हे ऐकून वाटते, एकदा येऊन गेला म्हणजे आता शंभर वर्षे निवांत. तसे नसते. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ दर वर्षी शक्यता शंभरात एक. यंदा आला तरी पुढच्या वर्षी शक्यता तेवढीच. घराचे कर्ज फिटायला तीस वर्षे लागतात असे धरले, तर त्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. पंचवीस वर्षांच्या पुराची ७१ टक्के. नाणे उडवण्यापेक्षा जास्त. आणि हे हिशेब जुन्या पावसावरून आणि जुन्या जमिनीवरून केलेले असतात. वर काँक्रीट वाढले की रेषा कागदावर जागच्या जागी राहते, पाणी मात्र नाही.

ओढा वाचायचा असेल तर उन्हाळ्यात जा, पाणी नसताना. दांडेकर पुलापासून उलट वर चालत निघा. पात्र कुठे रुंद आहे, कुठे अचानक चिंचोळे होते, पुलांच्या नळ्या किती, त्यांतल्या किती गाळाने बुजल्या आहेत, कुठल्या भिंतीचा पाया उघडा पडलाय, बाजूने येणारे ओहोळ कुठे मिळतात आणि कुठे ते रस्त्याखाली गेलेत. काठावर जुने करंज-जांभूळ उभे असेल तर काठाची जुनी पातळी त्याच्या मुळांवरून कळते. काठालगत राहणाऱ्या आजींना विचारा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले होते. त्यांच्याकडे जी नोंद आहे ती कुठल्या कागदावर सापडेल याची खात्री नाही.

आणि शेवटी वेळेचा हिशेब. पुरातला ओढा सेकंदाला दोन-तीन मीटर वेगाने धावतो. कात्रजच्या खालच्या तलावापासून दांडेकर पुलापर्यंत ओढ्याच्या वाटेने सात-आठ किलोमीटर धरले, तर तलावाच्या सांडव्यावरून उतरलेले पाणी खाली पोहोचायला पाऊण ते एक तास लागतो. मधल्या ओहोळांचे पाणी त्याआधीच पोहोचलेले असते, तरी सगळ्यात मोठा लोंढा वरून यायला एवढा अवकाश असतो. सांडव्यावर पाण्याची उंची मोजणारे साधे यंत्र आणि खालच्या वस्त्यांपर्यंत पोहोचणारा एक भोंगा, एवढ्यावर हा पाऊण तास हाताशी येऊ शकतो. तळमजल्यावरच्या खोलीतून म्हाताऱ्या माणसाला उचलून वर न्यायला दहा मिनिटे लागतात. गोठ्यातली दावी सोडायला पाच.